किती मजले नव्हे, किती सेकंद

उंच इमारतींच्या सुरुवातीच्या दशकांत कुठली लिफ्ट कधी येणार याचा हिशेब माणसाच्या डोक्यात होत असे. न्यूयॉर्कच्या मोठ्या ऑफिस इमारतींत तळमजल्यावर गणवेशातला एक माणूस उभा असायचा. त्याला ‘स्टार्टर’ म्हणत. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर गाड्या सोडतो, तसा हा लिफ्ट सोडायचा. दारांवरचे मजला दाखवणारे काटे बघायचे, लॉबीतली गर्दी बघायची आणि लिफ्टमनना खूण करायची: तू निघ, तू जरा थांब. कुठल्या मजल्यावरचं ऑफिस किती वाजता सुटतं हेही त्याला सवयीने ठाऊक असे. म्हणजे लिफ्ट कुठे आहे आणि माणसं किती आहेत, या दोन्ही गोष्टी त्याच्या नजरेत एकाच वेळी होत्या. यंत्राला पहिली गोष्ट लवकर शिकवता आली. दुसरी अजूनही पुरती आलेली नाही, आणि लिफ्ट सोडण्याच्या विद्येचा सगळा इतिहास त्या उणिवेभोवतीच फिरतो.

सप्टेंबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिफ्टमन आणि दरवानांनी संप केला. सुमारे १५,००० कामगार बाहेर पडले, आणि शहरातल्या बड्या कचेऱ्यांचं कामकाज विस्कळीत झालं. माणसावाचून चालणाऱ्या लिफ्टचं तंत्र आधीपासून होतं. आता इमारतमालकांना त्याची निकड पटली. १९५० मध्ये डॅलसच्या अटलांटिक रिफायनिंग इमारतीत ओटिस कंपनीने ‘ऑटोट्रॉनिक’ नावाची लिफ्टमनविना चालणारी यंत्रणा बसवली. लिफ्टमनची नोकरी गेली, आणि त्याच्याबरोबर स्टार्टरचीही.

त्याच्या जागी आली रिलेंनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांनी, भरलेली कपाटं. या यंत्रणांकडे ठरावीक पाठ असत: सकाळी वर जाणाऱ्यांचा, संध्याकाळी खाली उतरणाऱ्यांचा, मधल्या वेळेचा. बटण दाबलं गेलं की साधारण नियम एकच, त्या दिशेने येणारी जवळची लिफ्ट पाठवा. नियम शहाणपणाचा वाटतो, पण तो अंतर मोजतो, वेळ नाही.

समजा तुम्ही आठव्या मजल्यावर उभे आहात आणि खाली जायचं आहे. एक लिफ्ट बाराव्या मजल्यावरून खाली निघाली आहे, पण तिला अकरा, दहा आणि नऊ अशा तिन्ही मजल्यांवर थांबायचं आहे. दुसरी विसाव्या मजल्यावर रिकामी उभी आहे. एक मजला उतरायला २ सेकंद आणि एका थांब्याला १० सेकंद धरले, तर पहिलीला ३८ सेकंद लागतील, दुसरीला २४. तिप्पट लांबची लिफ्ट १४ सेकंद आधी पोचते. लिफ्टचा वेळ खातो तो थांबा: वेग कमी करायचा, दार उघडायचं, माणसं चढायची-उतरायची, दार मिटायचं, पुन्हा वेग घ्यायचा. म्हणून ‘लिफ्ट कधी येईल’ हा प्रश्न मुळात ‘ती किती वेळा थांबेल’ असा आहे.

हे सूत्रात आधीच मांडलं गेलं होतं. १९२३ मध्ये बॅसेट जोन्स या अमेरिकी अभियंत्याने संभाव्य थांब्यांचं गणित प्रसिद्ध केलं. वर दहा मजले आहेत, लिफ्टमध्ये दहा माणसं चढली आणि प्रत्येकाला कुठलाही मजला सारख्याच शक्यतेने हवा असेल, तर लिफ्ट सरासरी साडेसहा वेळा थांबते. आजही किती लिफ्ट लागतील हे ठरवताना हाच पाया धरतात. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. लिफ्टची चर्चा दोर, मोटर आणि वेग यांचीच असायची, त्या काळात त्याने आत उभ्या असलेल्या माणसांच्या इच्छांचा हिशेब मांडला.

रिलेंना मात्र हे सेकंदांचं गणित पेलणारं नव्हतं. त्याला मायक्रोप्रोसेसर यावे लागले. ओटिसमधल्या जोसेफ बिटार यांना १९८२ साली ज्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट मिळालं, तिचा गाभा असा: बटणावरून आलेल्या प्रत्येक हाकेसाठी प्रत्येक लिफ्टला गुण द्यायचे. त्या मजल्यावर तिला नाहीतरी थांबायचंच असेल तर बक्षीस, आत गर्दी असेल तर दंड. शिवाय एकदा दिलेलं काम कायमचं नाही. परिस्थिती बदलली की पुन्हा हिशेब, आणि गरज पडल्यास लिफ्टच बदलायची.

इथे जपानी प्रवाशांची अपेक्षा वेगळी निघाली. बटण दाबताच कुठली लिफ्ट येणार ते दिवा लावून सांगायचं, म्हणजे माणूस त्या दारापाशी निवांत उभा राहील, अशी तिकडे रीत आहे. मग अंदाज हा अंदाज राहत नाही, तो शब्द होतो. मधल्या मजल्यावर कुणी दार धरून ठेवलं तरी यंत्रणेला सहसा शब्द फिरवता येत नाही. त्यामुळे पहिलाच अंदाज नेमका असावा लागतो. अमेरिकी पद्धतीत सरासरी काही सेकंद वाचतात हे खरं, पण ताटकळणाऱ्या माणसाला कुठे उभं राहायचं ते आधी सांगणं मला अधिक मोलाचं वाटतं.

तरीही बटण एवढंच सांगतं: कुणाला तरी वर जायचं आहे, किंवा खाली. एक माणूस आहे की बारा, हे त्याला कळत नाही. आपल्याकडच्या सोसायट्यांत लिफ्ट लवकर यावी म्हणून दोन्ही बटणं दाबतात, तेव्हा यंत्र दोन हाका ऐकतं आणि नको त्या दिशेची लिफ्टही येऊन दहा सेकंद उभी राहते. तिच्या आतले लोक आणि पुढच्या मजल्यांवरचे लोक ते दहा सेकंद भरतात.

यावरचा उपाय सिडनीत निघाला होता, तोही बिटार यांच्या पेटंटच्या वीस वर्षं आधी. लिओ पोर्ट हे पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते. पुढे ते सिडनीचे लॉर्ड मेयर झाले. १९६१ मध्ये त्यांनी सुचवलं की मजल्याचं बटण लिफ्टच्या आत नको, बाहेर लॉबीतच हवं. कुठे जायचं ते आधीच सांगा, मग यंत्रणा तुम्हाला लिफ्ट नेमून देईल. एकाच मजल्याचे प्रवासी एकाच लिफ्टमध्ये बसवले की थांबे घटतात. जोन्सच्या त्याच दहा माणसांना चारच मजल्यांवर जायचं असेल, तर साडेसहाऐवजी फार तर चार थांबे. कल्पना नेमकी होती, पण ती राबवायला हाताशी रिलेच होते. १९९० च्या दशकात स्विस कंपनी शिंडलरने ‘मायकॉनिक १०’ या नावाने अशी यंत्रणा बाजारात आणली, तोवर संगणक स्वस्त झाले होते.

आतापर्यंत या गणितावर बऱ्याच विद्या आजमावून झाल्या आहेत. १९९० च्या दशकाच्या मध्यावर क्राइट्स आणि बार्टो या अमेरिकी संशोधकांनी अनुभवातून शिकणारा प्रोग्रॅम लिहिला. इमारत दहा मजल्यांची, लिफ्ट चार. एवढ्याशा मांडणीतही शक्य परिस्थितींची संख्या त्यांनी १० चा २२ वा घात इतकी काढली. आणि पोर्टच्या पद्धतीतही मेख उरतेच. मीटिंग संपवून आठ जण एकत्र येतात, एकजण मजल्याचा आकडा दाबतो, बाकीचे त्याच्या मागून आत शिरतात. यंत्रणेने एकासाठी जागा धरलेली असते. लिफ्टच्या तळाशी बसवलेला वजनमापक जास्तीचा भार ओळखतो, पण तोवर पुढच्या मजल्यावरच्या माणसाला तीच लिफ्ट नेमून दिलेली असते.