हिमायतनगरची पेठ : मंदी, महागाई आणि उधारीची वही

नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य भागात, पैनगंगेच्या दक्षिणेस वसलेले हिमायतनगर मोठे व्यापारी केंद्र म्हणून कधीच ओळखले गेले नाही. तथापि पश्चिमेस हदगाव, दक्षिणेस भोकर, पूर्वेस किनवट आणि नदीपलीकडे उमरखेड अशा चार बाजारगावांच्या मधोमध असल्यामुळे आसपासच्या खेड्यांना मीठमिरचीपासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सारे काही पुरवणारी पेठ येथे टिकून राहिली. वाढोणा हे या गावाचे जुने नाव असून येथील परमेश्वर मंदिराची महाशिवरात्रीची यात्रा पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. शिवार काळ्या जमिनीचे, शेती बहुतांशी कोरडवाहू आणि पिके कापूस, ज्वारी, तूर व अलीकडे सोयाबीन, अशी येथील स्थिती असल्याने किराणा, कापड, भांडी, लोखंडी अवजारे किंवा चप्पल विकणाऱ्या छोट्या दुकानदाराचे उत्पन्न शेवटी शिवारातील सुगीवरच ठरत आले आहे. महागाई वाढली की गिऱ्हाईक आटते, हा सर्वसाधारण समज अशा पेठेला पुरता लागू पडत नाही. गेल्या शंभर वर्षांचा विचार केला तर शेतमालाचा भाव आणि दुकानातील मालाचा भाव यांच्यातील अंतर जेव्हा जेव्हा रुंदावले तेव्हा तेव्हा धंदा थंडावला, मग बाजारात एकूण स्वस्ताई असो वा महागाई. आणि प्रत्येक वेळी हे अंतर दुकानदाराच्या उधारीच्या वहीने भरून काढले. त्या उधारीचा भार अखेर कोणाच्या शिरावर पडतो, हे मात्र काळानुसार बदलत गेले.

निजामी राजवटीत पैनगंगा ही केवळ नदी नव्हती, तर हैदराबाद संस्थान आणि इंग्रजी अमलाखालील वऱ्हाड यांच्यातील सरहद्द होती. संस्थानात येणाऱ्या व संस्थानाबाहेर जाणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे सरकारी जकात, आकारली जाई आणि तिचे नाके सीमेवरील वाटांवर असत. शिवाय दोन्ही काठांवरची नाणीही वेगळी होती. अलीकडे निजामाचा हाली सिक्का चाले, तर पलीकडे इंग्रज सरकारचा रुपया, ज्याला लोक कलदार म्हणत. सर्वसाधारण हिशेब सात हाली रुपयांना सहा कलदार असा धरला जाई. त्यामुळे वऱ्हाडातून कापड, काडेपेटी किंवा घासलेट आणणाऱ्या दुकानदाराला खरेदीचा भाव, करोडगिरी आणि नाण्याचा बट्टा, म्हणजे अदलाबदलीतील घट, या तिन्हींचा मेळ घालूनच विक्रीचा भाव बांधावा लागे. माल पलीकडच्या नाण्यात घ्यायचा आणि विक्रीची वसुली अलीकडच्या नाण्यात, तीही पुढच्या सुगीत करायची, या कात्रीत सीमेवरच्या पेठांचा सारा व्यवहार चालत असे.

ही कात्री सांभाळण्याचे साधन म्हणजे वही. पारंपरिक पद्धतीत रोजच्या रोख व्यवहाराची नोंद रोजमेळात होई आणि तेथून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाने खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, ती उतरवली जाई. लाल कापडाच्या बांधणीच्या लांबट वहीत पान मधोमध दुमडून डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे लिहीत. एखाद्या कुणब्याच्या खात्यात ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत नावेची बाजू भरत जाई : मीठ, चहापत्ती, तेल, पोळ्यासाठी बैलांची घुंगरे व वेसण, मुलांचे कापड, आणि माल न्यायला घरातील जो कोणी आला असेल त्याचे नाव ‘हस्ते’ म्हणून पुढे नोंदलेले असे. जमेची बाजू मात्र दसऱ्यापर्यंत बहुधा कोरी राही. कापसाची पहिली वेचणी विकली गेली की तिच्यात पहिली रक्कम पडे, आणि होळीपर्यंत खाते मिटले तर मिटले, नाही तर बाकी पुढे ओढून दिवाळीच्या वहीपूजनानंतर नव्या वहीत तीच रक्कम पहिल्या ओळीत लिहिली जाई. या व्यवस्थेत दुकानदार एकटा नसे. त्यालाही घाऊक व्यापाऱ्याकडून माल मुदतीवर मिळे आणि घाऊक व्यापाऱ्यामागे आडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलाली घेऊन विकून देणारा मध्यस्थ, किंवा हुंडीवर पैसे पुरवणारा सावकार उभा असे. उधारीची ही साखळी पेठेपासून नांदेडपर्यंत पोहोचलेली असल्याने मंदीचा धक्का तिच्या सर्व कड्यांमध्ये थोडाथोडा वाटला जाई, जरी त्याची अखेरची किंमत व्याजाच्या रूपाने शेतकऱ्याकडूनच वसूल होत असे.

या साखळीची पहिली मोठी परीक्षा १९३० च्या जागतिक मंदीत झाली. १९२९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत कापसाचे भाव निम्म्याच्या आसपास उतरले. दुकानातील मालही स्वस्त झाला होता, पण शेतसारा रोख रकमेत आणि ठरलेल्या दराने भरायचा असल्यामुळे तेवढीच रक्कम उभी करण्यासाठी शेतकऱ्याला पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माल विकावा लागला आणि दुकानाचे देणे मागे पडले. सारे काही स्वस्त असूनही घेणारा नाही, हे त्या काळातील मंदीचे रूप होते. याच सुमारास, १९२९-३० मध्ये, अर्थतज्ज्ञ एस. केशव अय्यंगार यांनी संस्थानातील खेड्यांची आर्थिक पाहणी केली आणि ग्रामीण कर्जबाजारीपणाचा प्रश्न सरकारदरबारी ठळकपणे मांडला गेला. १३३९ फसलीचा, म्हणजे १९२९-३० चा, हैदराबाद शेतमाल बाजार कायदा आणि १३४९ फसलीचा सावकारी नियंत्रण कायदा हे या काळातील दोन टप्पे होत. फसली सन हा महसुलाच्या सोयीसाठी वापरला जाणारा सन असून त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. पहिल्या कायद्याने वजनमाप व दलाली यांवर देखरेख आणली, तर दुसऱ्याने सावकाराला परवाना व नीट हिशेब ठेवण्याचे बंधन घातले; पण दुकानाच्या मालाच्या उधारीला या दोहोंपैकी कोणाचाच पुरता स्पर्श झाला नाही, कारण ती कर्ज म्हणून नव्हे तर विक्री म्हणून वहीत चढत असे.

दुसऱ्या महायुद्धात चित्र उलटले. भाव चढू लागले, टंचाई वाढली आणि संस्थान सरकारने शेतकऱ्याकडून ठरावीक दराने सक्तीची धान्यवसुली, म्हणजे लेव्ही, सुरू केली. धान्य नियंत्रित दरात द्यायचे आणि कापड, घासलेट, साखर मात्र मिळेल त्या भावाने घ्यायची, अशी शेतकऱ्याची कोंडी झाली. म्हणजे १९३० मध्ये स्वस्ताईने जे अंतर निर्माण केले होते तेच आता महागाईने निर्माण केले. नियंत्रित वस्तूंचा परवाना हाती असलेला दुकानदार तरला, आणि ज्याच्याकडे तो नव्हता त्याला मीठ, विडी, सुपारी, दोरखंड अशा किरकोळ मालावर दिवस काढावे लागले. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतरही संस्थान व भारत सरकार यांच्यातील तणाव वाढत गेला आणि १९४८ मध्ये आर्थिक नाकेबंदीमुळे मीठ, इंधन व औषधे दुर्मीळ झाली. पैनगंगेपलीकडील उमरखेड येथे संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणासाठी लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचा कॅम्प होता. सीमेवरील अशा कॅम्पांतून करोडगिरी नाक्यांवर हल्ले होत, तर अलीकडे रझाकारांची, म्हणजे निजामसमर्थक सशस्त्र स्वयंसेवकांची, दहशत होती. सीमाभागातील अनेक कुटुंबांनी दुकान व घर बंद करून वऱ्हाडात आसरा घेतला. भारत सरकारच्या पोलीस कारवाईनंतर सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानाचा शेवट झाला तेव्हा परतलेल्या व्यापाऱ्यापुढे पहिला प्रश्न विस्कटलेल्या वसुलीचा होता.

विलीनीकरणानंतरच्या दशकात दुकानदाराच्या हिशेबाची जवळपास सर्व साधने बदलली. करोडगिरी टप्प्याटप्प्याने उठली, हाली सिक्का चलनातून गेला, १ एप्रिल १९५७ पासून आण्याऐवजी दशमान पैसे आले आणि त्यापुढील काही वर्षांत शेर व मण यांची जागा किलोग्रॅमने घेतली. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हा पाव पैशाचा हिशेब किरकोळ विक्रीत जुळत नसल्याने आण्या-दोन आण्यांच्या पुडीचा भाव वर किंवा खाली सरकवावा लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पैनगंगेचे दोन्ही काठ एकाच राज्यात आल्याने उमरखेडची बाजारपेठ स्पर्धक म्हणून अधिक जवळ आली. गावात मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील स्थानक असल्याने नांदेडहून माल मागवणे सुलभ झाले, पण त्याच गाडीने बस्त्यासाठी थेट नांदेड गाठणारे गिऱ्हाईकही निर्माण झाले.

१९७२ चा दुष्काळ हा मराठवाड्याच्या स्मरणातील मापदंड ठरला. त्या वर्षी ज्वारी गेली, कापूस गेला, आणि सरकारी स्वस्त धान्य दुकानातून मिळणारा अमेरिकेचा तांबडा मिलो लोकांनी नाइलाजाने खाल्ला. पाझर तलाव आणि रस्त्यांच्या कामांवर खडी फोडणाऱ्या मजुरांना मिळणारी मजुरी हीच पेठेत येणारी एकमेव नियमित रोकड होती, त्यामुळे दुकानदारांचे लक्ष पिकापेक्षा पगारवाटपाच्या दिवसाकडे लागले. पुढे अशी कामे पुरवणाऱ्या रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप मिळून तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दुष्काळ सरतो न सरतो तोच १९७३ च्या तेलसंकटाने जागतिक किमती भडकल्या आणि १९७४-७५ मध्ये देशातील घाऊक किमतींची वाढ २५ टक्क्यांच्या घरात गेली. आणीबाणीच्या काळात राज्य सरकारने कर्जमुक्तीचा कायदा केल्यावर खेड्यातील सावकारांनी हात आखडता घेतला; परिणामी उधारीची मागणी दुकानाकडे अधिक वळली, पण दुकानामागचा पतपुरवठा मात्र आटला. साखळीतील वरची कडी निखळण्यास येथून आरंभ झाला. १९७६ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या मराठवाडा ग्रामीण बँकेने पीककर्जाची काही प्रमाणात सोय केली, तरी चहापत्ती आणि खोबरेल तेल यांसाठी कोणतीही बँक कर्ज देत नव्हती.

१९७२ मध्येच महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली आणि तिच्या अमलात खासगी व्यापाऱ्याला कापूस विकण्यास बंदी आली. शेतकऱ्याला हमीभावाचा आधार मिळाला हे खरे, परंतु रक्कम हप्त्यांनी व विलंबाने येत असल्यामुळे चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, केव्हा मिळणार हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच दुकानदाराचाही झाला. पूर्वी आडत्याच्या पट्टीवर, म्हणजे मालविक्रीच्या हिशेबचिठ्ठीवर, भरवसा ठेवून उधार दिली जाई. आता सरकारी चुकाऱ्यावर भरवसा ठेवून ती दिली जाऊ लागली. दोन्हींत फरक असा की आडत्याकडे दुकानदाराला तगादा लावता येत असे, सरकारी चुकाऱ्यासाठी मात्र वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही नसे.

१९९० नंतर सोयाबीनचा पेरा वाढला. हे पीक दसरा-दिवाळीच्या आतच हाती येत असल्याने उधारीची मुदत आखूड झाली आणि काही वर्षे पेठेला बरकत आली. हदगाव तालुक्यातून वेगळा होऊन हिमायतनगर तालुका झाल्याने कार्यालये व नोकरदारांचे मासिक पगारही बाजारात आले. परंतु याच काळात कंपन्यांचा बंद पाकिटातील माल खेड्यापर्यंत पोहोचला आणि त्यांचे वितरक रोखीचा किंवा जेमतेम आठवड्याच्या मुदतीचा आग्रह धरू लागले. दुकानदार माल रोखीने घेतो आणि सहा महिन्यांच्या उधारीवर विकतो, ही स्थिती येथून रूढ झाली. तिच्यावर उपाय म्हणून पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोज दुकानावर येऊन गोळा केली जाणारी छोटी ठेव, आणि व्यापाऱ्यांची आपसातली भिशी यांचा आधार घेतला गेला. तंगीच्या काळात लहान मापाने विकण्याची रीत मात्र जुनीच होती. पळीने मोजलेले पाच रुपयांचे तेल आणि कागदाच्या पुडीतील हळद पेठेत पूर्वीपासून विकली जात होती; कंपन्यांनी हीच रीत एक-दोन रुपयांच्या पुड्यांच्या रूपाने उचलली आणि पुढे किंमत न वाढवता वजन घटवण्यासाठी तिचा उपयोग केला.

८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी नेमकी कापूस-सोयाबीनच्या विक्रीच्या ऐन हंगामात आली, म्हणजे वहीची जमेची बाजू भरण्याच्या काळातच रोकड नाहीशी झाली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला; छोटे दुकानदार उलाढालीच्या मर्यादेमुळे बहुधा नोंदणीतून सुटले, तरी घाऊक खरेदीतील कर त्यांच्या मालाच्या किमतीत आलाच. कोरोनाकाळातील टाळेबंदी, २०२२ मधील युक्रेन युद्ध आणि त्याच वर्षी इंडोनेशियाने पामतेलाच्या निर्यातीवर घातलेली काही आठवड्यांची बंदी यांमुळे खाद्यतेल भडकले, आणि एप्रिल २०२२ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्क्यांवर गेला. तथापि त्या हंगामात कापसाला क्विंटलमागे १०,००० रुपयांवर भाव मिळाल्याने शेतकऱ्याच्या हाती पैसा होता. उलट २०२४ मध्ये महागाईचा दर उतरला असता सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले जात होते. म्हणजे महागाईचा आकडा खाली येत असताना पेठेवरचा ताण वाढत होता. १८ जुलै २०२२ पासून आधीच बांधलेल्या व लेबल लावलेल्या धान्य-पिठावर ५ टक्के कर लागला आणि सुटा माल त्यातून वगळला गेला, तेव्हा किलोच्या मापाने पोत्यातून तांदूळ-डाळ मोजून देणाऱ्या जुन्या दुकानदाराला एक लहानसा का होईना, फायदा मिळाला. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके वाहून गेल्यावर हमीभावाचा प्रश्नही मागे पडला, कारण विकण्याजोगा मालच अनेकांकडे उरला नाही.

या सर्व कालखंडांतून एक गोष्ट स्पष्ट होते. हिमायतनगरसारख्या पेठेत मंदीचे मोजमाप राष्ट्रीय निर्देशांकावरून होत नाही, तर एक क्विंटल कापूस किंवा सोयाबीन विकून किती डबे तेल व किती वार कापड घेता येते, यावरून होते. निजामी काळात या विनिमयातील तूट सावकार, आडत्या आणि घाऊक व्यापारी यांच्यात वाटली जाई, आणि त्या वाटणीत शेतकऱ्याचे शोषण होते हेही तितकेच खरे. स्वातंत्र्योत्तर कायद्यांनी ते शोषण बऱ्याच अंशी रोखले, पण पतपुरवठ्याची जी जागा रिकामी झाली तिथे दुकानदारासाठी दुसरी कोणतीही संस्था उभी राहिली नाही. २०१५ मध्ये सुरू झालेली मुद्रा कर्जयोजना दुकान उभे करण्यास व त्यात माल भरण्यास उपयोगी पडते; गिऱ्हाइकाला सहा महिने उधार देण्याचा खर्च मात्र कोणत्याही योजनेच्या हिशेबात धरलेला नाही. हा खर्च सुगीपर्यंतच्या उपजीविकेचाच भाग आहे, हे मान्य केल्याखेरीज छोट्या व्यापाराला मदत करण्याचे धोरण अशा पेठांपर्यंत पोहोचू शकणार नाही.