चार फुटांवरची थंडी

१ डिसेंबर २०२१. बुधवार. कार्तिक सरत आला होता. एरवी या दिवसांत नगरला पहाटे बोचरी थंडी पडते आणि दहाच्या सुमाराला उन्हात ओसरून जाते. त्या दिवशी ऊन उगवलंच नाही. दिवसभर वारा आणि पाऊस. लोकांनी भर दुपारी स्वेटर चढवले.

गेली काही वर्षं मी गॅलरीतल्या थर्मामीटरवरचं रोजचं किमान तापमान एका वहीत टिपतो आहे. त्या दिवसाचा आकडा पाहून पान उलटावं, इतका तो सामान्य होता. ढगांनी रात्र उबदार ठेवली होती. दुसऱ्या दिवसापासून बातम्या येऊ लागल्या. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, संगमनेर या पट्ट्यात उघड्या रानात बसलेली शेकडो मेंढरं गारठून मेली होती. माझ्या वहीत थंडी नव्हती आणि रानात थंडीने जीव गेले होते. हा लेख त्या विसंगतीचा माग आहे.

थंडी आकड्यात मोजण्याची रीत आपल्याकडे कशी रुजली, तिथून सुरुवात करतो. भारतीय हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं. त्यामागे होती १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळाची आठवण आणि १८६६ व १८७१ चे चुकलेले पावसाळे. राज्यकर्त्यांना धास्ती वादळाची आणि दुष्काळाची होती. थंडीची नव्हती. १८८४ च्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ कोरडा आणि उत्साहवर्धक म्हणून नोंदला आहे. छावणीतल्या साहेबाला तो तसा वाटलाही असेल. घोंगडीवर रात्र काढणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

मोजण्याचं साधनही ठरून गेलं. वेधशाळेच्या आवारात पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी दिसते, ती ‘स्टीव्हन्सन स्क्रीन’. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील थॉमस यांनी ती बनवली. तिच्यातले थर्मामीटर जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतात. ऊन लागू नये, पाऊस लागू नये, वारा थेट आदळू नये, अशी तिची रचना. जगभरच्या नोंदींची तुलना व्हायची तर हे आवश्यकच आहे. मात्र त्यामुळे आपण ‘आजची थंडी’ म्हणून जो आकडा वाचतो, तो कोरड्या, सावलीतल्या, आडोशाच्या हवेचा असतो.

१९२८ साली खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. तिथल्या इमारतीला लोक अजूनही ‘शिमला ऑफिस’च म्हणतात. पुण्यातच १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचं काम सुरू झालं. त्याच वर्षी रामदास आणि आत्मनाथन यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केलं. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटून असते, असं तोवर मानलं जाई. त्यांना ती जमिनीपासून काही इंच ते फूटभर वर सापडली. सुरुवातीला परदेशी शास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला नाही. पुढे इतरांच्या मोजमापांतूनही तेच निघालं. माझ्या दृष्टीने या शोधाचा अर्थ साधा आहे : चार फुटांवरची थंडी आणि पिकाच्या शेंड्याजवळची, करडाच्या पाठीजवळची थंडी एक नव्हे.

आपल्या पठारावरचे थंडीचे सगळे मोठे विक्रम मात्र चार फुटांवरचेच आहेत. पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश सेल्सिअस, नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश. त्याच आठवड्यात शेजारच्या निफाडला पारा दोन अंशांखाली गेला आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या. या थंडीचा अंदाज बांधता येतो, कारण तिची वाट ठरलेली आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकतात, मागून उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात, आकाश निवळतं आणि रात्री जमिनीतली ऊब निसटून जाते. खात्याची ‘थंडीची लाट’ याच थंडीसाठी बेतलेली आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी खाली गेलं, की लाट.

२०२१ ची गोष्ट वेगळी होती. अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्यातून येणारी ओल आणि वरच्या थरातले पश्चिमी वारे यांची महाराष्ट्रावर गाठ पडली. खात्याने पावसाचा इशारा आधीच दिला होता आणि तो खरा ठरला. अंदाज चुकला असं म्हणता येणार नाही. पण तो इशारा पावसाचा होता. ढगाळ रात्री किमान तापमान फार उतरत नाही, म्हणून व्याख्येप्रमाणे त्या दिवशी थंडीची लाट नव्हतीच.

पुढे मी पारनेर तालुक्यात एका मेंढपाळ कुटुंबाच्या वाड्यावर गेलो. या भागातले कळप दिवाळीनंतर घाटाकडे आणि खाली कोकणाकडे निघतात. वाटेत एकेका शेतात वाघर लावून मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. घरातल्या आजींनी सांगितलं ते असं : पाऊस येणार हे मोबाईलवरून पोरांना कळलं होतं. मावठा काही नवा नाही. पण हा थांबेना, वारा पडेना, आणि पहाटेला मेंढरं उठेनात. आधी करडं-कोकरं गेली, मग गाभण मेंढ्या. कडाक्याच्या कोरड्या थंडीत हीच मेंढरं एकमेकांना बिलगून निभावतात, हेही त्यांनीच सांगितलं.

शास्त्राचं म्हणणंही हेच आहे. लोकरीची ऊब म्हणजे तिच्यात अडकलेली हवा. लोकर भिजली की ती हवा जाते, आणि वारा पाण्याबरोबर अंगातली उष्णता ओढून नेतो. दिवसभर चरायला न मिळालेल्या जनावराकडे ती भरून काढायला इंधन उरत नाही. ऑस्ट्रेलियाचं हवामान खातं यासाठी मेंढपाळांना उद्देशून स्वतंत्र इशारा देतं. त्यात तापमान, वारा आणि पाऊस हे तिन्ही एकत्र धरलेले असतात.

आपल्याकडे सांगण्याची परंपरा नाही असं नाही. आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता १९४५ पासून आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून कृषी हवामान सल्ला निघतो, त्यात जनावरांविषयीही सूचना असतात. पण हा सल्ला जिल्ह्याच्या हद्दीत आणि सातबारा असलेल्या माणसाला धरून लिहिलेला असतो. मेंढपाळ आज नगरमध्ये, आठवड्याने पुणे जिल्ह्यात आणि महिन्याने ठाण्यात. ‘जनावरे गोठ्यात बांधावीत’ हे वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचलं, तरी त्याला गोठा कुठला? त्याला दोन दिवस आधी हवी असते एखाद्या मंगल कार्यालयाची, बाजारसमितीच्या शेडची, निदान पत्र्याच्या आडोशाची सोय. ती हवामान खात्याच्या हातात नाही. गावाच्या आणि तहसीलच्या हातात आहे. २६ नोव्हेंबर २०२३ ला पारनेर तालुक्यात गारपीट झाली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उघडा पडला.

२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या धनगर घरात जन्मलेल्या लेकीचं हे नाव. त्या नावाच्या जिल्ह्याने तरी मेंढपाळासाठी वेगळा इशारा मागावा, एवढंच मला सुचवायचं आहे.

माझ्या वहीत आता तीन रकाने वाढले आहेत : दिवसाचं कमाल तापमान, वारा, पाऊस. १ डिसेंबर २०२१ चं पान मी पुन्हा उघडलं आणि किमान तापमानाच्या आकड्यापुढे, आजींनी सांगितलं त्यावरून, एक ओळ लिहिली : आज थंडी होती.