विद्ध धूलिचित्र : जूचंद्रच्या रांगोळीकडे कसे पाहावे

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिन्तामणि’ हा ग्रंथ सिद्ध केला. राजाने आपले चित्त कशाकशात रमवावे याचा तो एक अवाढव्य कोशच आहे. पाकक्रिया, मल्लविद्या, कोंबड्यांच्या झुंजी यांच्या सोबतीने चित्रकलाही त्यात येते. चित्रांचे प्रकार सांगताना सोमेश्वर आरशातील प्रतिबिंबासारखे सादृश्य असलेल्या चित्राला ‘विद्ध’ म्हणतो, केवळ आकार साधणाऱ्याला ‘अविद्ध’, पाहताक्षणी शृंगारादी रसांचा प्रत्यय देणाऱ्याला ‘भावचित्र’, ओल्या रंगांनी काढलेल्याला ‘रसचित्र’ आणि कोरड्या चूर्णाने रेखलेल्याला ‘धूलिचित्र’. या वर्गीकरणात एक तार्किक दोष आहे. पहिले तीन प्रकार चित्रातून काय प्रतीत होते यावर ठरतात, तर शेवटचे दोन ते कोणत्या द्रव्याचे आहे यावर. म्हणजे एकच चित्र विद्धही असू शकते आणि धूलिचित्रही. ही शक्यता ग्रंथात स्वतंत्रपणे विचारात घेतलेली नाही. ती शक्यता ज्यांनी आपल्या काळात प्रत्यक्षात आणली त्यांत वसई तालुक्यातील जूचंद्र या गावाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

वसई-दिवा लोहमार्गावरचे हे गाव आगरी वस्तीचे. चंडिकादेवीची टेकडी आणि परिसरातील मिठागरे या त्याच्या जुन्या खुणा. गाव २००९ साली वसई-विरार महानगरपालिका आल्यावरच्या आणि २०१४ साली पालघर जिल्हा झाल्यावरच्या नव्या नकाशात असले तरी त्याची ओळख प्रशासकीय नाही. ती ‘रांगोळीकारांचे गाव’ अशी आहे. मिठाच्या पांढऱ्या राशींचा आणि रांगोळीच्या पांढऱ्या भुकटीचा संबंध जोडण्याचा मोह कोणाही लेखकाला होईल. तो आवरलेला बरा. तसा कार्यकारणभाव दाखवणारा पुरावा नाही, आणि कविकल्पनेने इतिहास लिहिला जात नाही.

जूचंद्रची रांगोळी म्हणजे दारापुढची नक्षी नव्हे. जमिनीवर भुकटीने काढलेले माणसाचे, देवदेवतेचे, प्रसंगाचे असे चित्र, की चार पावलांवरून ते छायाचित्र वाटावे. अशा रांगोळीपुढे उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या तोंडून जो शब्द हटकून निघतो तो ‘हुबेहूब’. वृत्तपत्रांतील वर्णनेही ‘जणू आता बोलेल’, ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ यांपलीकडे सहसा जात नाहीत. समीक्षेने तर एवढेही म्हटलेले नाही. प्रस्तुत लेखाचा प्रश्न या मौनाविषयी आहे. जिज्ञासू, विश्लेषक बुद्धीला ज्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे अशी ही वस्तू आपण ‘कसब’ या एका शब्दात गुंडाळून बाजूला का ठेवली?

तुलनेने ठिपक्यांच्या रांगोळीचे भाग्य थोर. मधली ओळ पंधरा ठिपक्यांची, वर आणि खाली एकेक कमी करीत आठपर्यंत, ही ‘१५ ते ८’ची मांडणी घरोघर माहीत आहे. तिचे ठिपके मोजले तर ते १६९ भरतात. बाजूला आठ ठिपके असलेल्या षट्कोनाची ही संख्या तेराचा वर्गही आहे, हा योगायोग गणितज्ञाला सुखावणारा. तमिळ कोलमच्या बाबतीत तर ही वाट बरीच पुढे गेली. मद्रास ख्रिश्चन कॉलेजशी निगडित असलेले गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली कोलमच्या आकृत्यांची औपचारिक व्याकरणे मांडली, आणि अंगणातली नक्षी संगणकविज्ञानाच्या नियतकालिकात जाऊन बसली. नियम, पुनरावृत्ती, सममिती या गोष्टी सिद्धान्ताला सहज सापडतात. सादृश्य मात्र सापडत नाही. ते दिसते आणि पाहणारा थांबतो.

मराठी सौंदर्यविचाराचा कलही याला कारण आहे. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये (१९५५) संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली. त्या चौकटीत ठिपक्यांची रांगोळी जवळजवळ आदर्श उदाहरण ठरते, आणि एखाद्या नेत्याचा चेहरा दाखवणारी रांगोळी ही लौकिक कुतूहलाची बाब. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलाव्यवहाराला स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे दाखवून दिले, तरी दुसऱ्या ध्रुवावरचा विचार आपण प्रामुख्याने साहित्यापुरताच केला. कादंबरीतील वास्तवाबद्दल परिसंवाद झाले. जमिनीवरच्या वास्तवसदृश चित्राबद्दल नाही.

वस्तुतः या ‘हुबेहूब’च्या आवडीला इतिहास आहे. मुंबईत १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि पाश्चात्त्य वास्तववादी रेखांकनाचे शिक्षण येथे रुजले. राजा रविवर्म्याचा शिलामुद्रण छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला; त्याच्या चित्रांनी देवतांना हाडामांसाचे चेहरे दिले आणि ते चेहरे भिंतीभिंतींवर टांगले गेले. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी आणि दिनदर्शिकांनी हीच दृष्टी मध्यमवर्गीय आणि श्रमिक घरांत सारखीच पोहोचवली. शेजारी छायाचित्र होतेच. जूचंद्रच्या रांगोळीची वंशावळ उंबरठ्यावरच्या चैत्रांगणापेक्षा या मुद्रित प्रतिमांशी अधिक जवळची आहे, असे माझे मत आहे. तिने परंपरेकडून द्रव्य घेतले, चिमूट घेतली, सणाचे निमित्त घेतले. दृष्टी मात्र छापखान्याकडून आणि कॅमेऱ्याकडून घेतली. त्याबरोबर आणखीही काही बदलले. उंबरठ्यावरची रांगोळी बायकांची आणि अनामिक होती. सभागृहातल्या रांगोळीखाली कलावंताचे नाव असते, आणि या प्रकारात पुरुष मोठ्या संख्येने आले. नाव आले तेव्हाच तिला ‘कला’ म्हणू लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता पाहण्याकडे वळू. पहिली गोष्ट कणाची. रंगपेटीतले दोन ओले रंग एकत्र केले की तिसरा रंग होतो आणि मूळचे दोन नाहीसे होतात. भुकटीत तसे होत नाही. तांबडा कण तांबडाच राहतो, पांढरा पांढराच. मिश्रण घडते ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात. गालावरची छटा वाकून जवळून पाहावी, तर तेथे गाल नसतो, वेगवेगळ्या रंगांची रवाळ गर्दी असते. जॉर्ज सराने १८८४ ते १८८६ या काळात ‘ग्रांद जात’चे चित्र रंगबिंदूंनी घडवले, ते रंगाविषयीच्या शास्त्रीय ग्रंथांचा अभ्यास करून. रांगोळीकाराला तो सिद्धान्त ठाऊक असण्याची गरज नाही. त्याचे द्रव्यच त्याला तेथे नेते.

दुसरी गोष्ट कोनाची. भिंतीवरचे चित्र आपल्यासमोर असते, रांगोळी पायाशी. समजा, दोन मीटर लांबीच्या चेहऱ्यापासून एक मीटरवर प्रेक्षक उभा आहे आणि त्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटर उंच आहेत. तर चित्राचा जवळचा अर्धा भाग त्याच्या डोळ्याशी सुमारे १९ अंशांचा कोन करतो, दूरचा अर्धा भाग जेमतेम १० अंशांचा. म्हणजे हनुवटीला मिळते त्याच्या जवळपास निम्मीच जागा कपाळाला मिळते, आणि तरीही चेहरा आपल्याला बेढब वाटत नाही. जमीन तिरकी दिसते आहे हे डोळ्याला कळते आणि मन तेवढी दुरुस्ती करून घेते. होल्बाइनने ‘राजदूत’ या १५३३च्या चित्रात कवटी मुद्दाम अशी विरूप काढली, की ती बाजूने पाहिल्यावरच ओळखू यावी. तेथे चित्रकार प्रेक्षकाला जागा बदलायला लावतो. येथे प्रेक्षक कोठेही उभा राहो, निम्मे काम तो नकळत स्वतःच करीत असतो. गॉम्ब्रिचने ‘आर्ट अँड इल्यूजन’ (१९६०) या ग्रंथात चित्र पुरे करण्यातील पाहणाऱ्याचा वाटा विशद केला. तो वाटा किती मोठा असतो हे रांगोळीच्या दोरीभोवती एक फेरी मारली तरी तपासता येते. पर्गामॉनच्या सोससने ‘न झाडलेली जमीन’ हे कुट्टिमचित्र केले होते, असे प्लिनी सांगतो; मेजवानीतले उष्टे जणू फरशीवर तसेच पडले आहे असा त्यातला भास. जमिनीवरच्या भ्रमाला जुनी कुळे आहेत. सोससच्या तुकड्यांना चुन्याने धरून ठेवले होते, एवढाच फरक.

हा फरक लहान नाही. रांगोळीला धरून ठेवणारे काही नसते. काम चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो, भरलेल्या भागावर पाय टाकता येत नाही, त्यामुळे कोणता भाग आधी भरायचा हे केवळ रुचीने नव्हे तर हात कोठवर पोहोचतो यावरून ठरते. रंग खोडता येत नाही. चूक झाली तर तिच्यावर नवा थर चढवावा लागतो. पुऱ्या झालेल्या रांगोळीत हा क्रम दडलेला असतो आणि तो शोधणे हे बुद्धिमान प्रेक्षकाचे काम आहे. कोठे थर जाड आहे, कोणती कडा कोणत्या कडेवर आली आहे, पार्श्वभूमी चेहऱ्याआधी भरली की नंतर, हे वाचता येते. हस्तलिखिताचा संपादक खाडाखोड वाचतो तसेच हे वाचन आहे, आणि आपल्यासारख्या ग्रंथांवर पोसलेल्यांना ते परके वाटू नये.

वाल्टर बेन्यामिनने १९३६ साली यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे एकमेवत्व लोपते असे म्हटले. जूचंद्रच्या रांगोळीत प्रवास उलटा होतो. हजारो प्रतींत असलेले छायाचित्र समोर ठेवून कलावंत एकच प्रत करतो, आणि तीही टिकत नाही. मग प्रेक्षक खिशातून भ्रमणध्वनी काढून तिचे पुन्हा छायाचित्र घेतात. त्या छायाचित्रात मात्र कण गेलेला असतो, कोन गेलेला असतो. उरते ते मूळ छायाचित्राचे छायाचित्र. मग रांगोळीला ‘हुबेहूब’ म्हणणारा सगळ्यांत जास्त बरोबर ठरतो, कारण फरक दाखवणारे सर्व काही तोवर झाडले गेलेले असते.

या कलेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची अडचण येथे सुरू होते. चित्रकाराची चित्रे संग्रहालयात असतात, नाटकाची संहिता उरते, गायकाची ध्वनिमुद्रिका. रांगोळीकाराकडे उरतात ती वरून घेतलेली छायाचित्रे, आणि ती नेमकी आपल्याला हव्या त्या बाबतीत मुकी असतात. भरण्याचा क्रम, लागलेले तास, भुकटीच्या छटा कशा कालवल्या, शेजारच्या कलावंताकडून काय उचलले, याची नोंद करायची तर रांगोळी चालू असताना तेथे बसावे लागेल. असे काम गावात राहणाऱ्या एखाद्या शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला सहज करता येण्यासारखे आहे. त्याला सौंदर्यशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, एक घड्याळ आणि दिवाळीच्या आधीच्या काही रात्री लागतात.