सरेची दहावी जागा

ऑक्टोबर 2024 मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या सरे शहरात सरे-सर्पेंटाइन रिव्हर या नव्या मतदारसंघाने पहिला आमदार निवडला आणि शहराच्या जागा नवाच्या दहा झाल्या. याला सरेची बढती म्हणणं सोपं आहे. खरं तर ही जुनी थकबाकी, आणि तीही पुरती फिटलेली नाही. 2016 ते 2021 या पाच वर्षांत सरेची लोकसंख्या 5,17,887 वरून 5,68,322 वर गेली. 2023 च्या सीमांकनात विधानसभेच्या जागा 87 वरून 93 करायचं ठरलं, तेव्हा मतदारसंघामागे सरासरी 53,773 माणसं आली; म्हणजे सरेची पाच वर्षांची नुसती वाढच जवळपास एका आमदाराएवढी. शेजारचं चिमुकलं व्हाइट रॉक याच दहा जागांत मोडतं. ते धरून भागाकार केला, तर उत्तर अकराला टेकतं.

ही तूट आपोआप पडली नाही. 1980 च्या दशकात याच प्रांतात अ‍ॅटलिनच्या 5,511 लोकांना एक आमदार होता आणि कोक्विटलम-मूडीच्या 68,347 लोकांनाही एकच. 1989 मध्ये न्यायमूर्ती बेव्हर्ली मॅक्लॅक्लिन यांनी ही विषमता मताधिकाराचा भंग ठरवली. तरी 2014 मध्ये कायदा करून प्रांताच्या विरळ वस्तीच्या तीन विभागांतल्या 17 जागांना हात लावायला सीमांकन आयोगाला मनाई झाली. ती उठली 2021 मध्ये.

उत्तरेकडच्या आमदाराला शेकडो किलोमीटर पालथे घालावे लागतात, तिथे नुसती डोकी मोजून कसं चालेल, हा आक्षेप खोटा नाही. 1991 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात सस्कॅचेवान प्रांताच्या मतदारसंघांविषयीच्या खटल्यात बहुमताचा निकाल लिहिताना खुद्द मॅक्लॅक्लिन यांनीच काटेकोर समानतेपेक्षा परिणामकारक प्रतिनिधित्वाला महत्त्व दिलं. पण त्यासाठी कायद्यात सरासरीच्या 25 टक्के खालीवर जायची मुभा आहे, अपवाद म्हणून त्यापलीकडेही. अंतराची अडचण तिथे भागते. वर ठरावीक जागांना कायमचं कुंपण कशाला? दुसरी शंका राजकीय: मनाई उठवणाऱ्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षानेच स्वतःची सोय पाहिली नाही ना? नव्या जागेवर त्यांचे उमेदवार होते बलतेज सिंग धिल्लन, राष्ट्रीय पोलिस दलात पगडी घालून सेवा करणारे पहिले अधिकारी. निवडून आल्या मात्र काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या लिंडा हेपनर, शहराच्या माजी महापौर. सरेची उरलेली थकबाकी मात्र इतक्यात फिटणार नाही: नवा आयोग दर दोन निवडणुकांनंतर नेमला जातो, त्यामुळे पुढची निवडणूकही 2021 च्याच शिरगणतीवर होणार.