गावाचे पाणी : मळवलीच्या परिसरातून एक विचार

मळवलीच्या स्टेशनावर उतरले, की उत्तरेस कार्ल्याची लेणी आणि दक्षिणेस भाज्याची. मागे लोहगड व विसापूर ही जोडगोळी उभी. एवढ्या लहानशा टापूत दोन हजार वर्षांचा इतिहास एकत्र नांदताना क्वचितच दिसेल. पण बहुतेक प्रवासी चैत्य पाहतात, शिल्पे पाहतात आणि परततात. लेण्यांशेजारच्या पाण्याच्या टाक्यांकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. आज मला सांगावयाचे आहे ते या पाण्याविषयी.

मावळात पाऊस उदंड पडतो. पण तो टिकत नाही. उतार तीव्र, खाली काळा कठीण पत्थर. चार महिने ओढे दुथडी भरून वाहतात आणि चैत्र-वैशाखात घागरभर पाण्यासाठी वणवण होते. म्हणून येथे पाणी नुसते मिळत नाही, ते राखावे लागते. भाज्याच्या एका टाक्यावरील ब्राह्मी लेख सांगतो, की ही पोढी, म्हणजे टाके, महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याचे दान आहे. कामशेतजवळच्या बेडसे येथील टाक्यावर सामडिनिका या महारठिनीचे नाव आहे. राजघराण्यातील माणसांना टाके खोदविणे हे चैत्य कोरविण्याइतकेच पुण्याचे वाटत होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

परंतु टाके खोदणे निराळे आणि ते वर्षानुवर्षे स्वच्छ राखणे निराळे. पहिल्या कामाला एक दाता पुरतो. दुसऱ्याला पिढ्या लागतात. ही गोष्ट त्या काळच्या लोकांनी ओळखली होती. कार्ल्याच्या लेखात नहपानाचा जावई उषवदात याने वलुरक लेण्यांतील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याची नोंद आहे. सत्ता सातवाहनांकडे आल्यावरही ती देणगी मोडली नाही. नव्या राजाने ती चालू ठेवण्याची आज्ञा दिली. याच लेखसमूहात 'मामाल' या प्रदेशनामाचा उल्लेख येतो व विद्वान त्याचा संबंध मावळाशी जोडतात. नाशिकच्या लेण्यांतील लेखांत तर कारागिरांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवून तिच्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालविल्याचे दिसते, आणि त्या श्रेणींत पाण्याची यंत्रे करणाऱ्या ओदयंत्रिकांचीही एक आहे. तात्पर्य, दान दिले की ते पुढे चालविण्याची तजवीजही करावयाची, अशी ही रीत होती.

तजवीज मोडली म्हणजे काय होते, हे पाहावयास लोहगड चढावा. नाना फडणीसांची सोळाकोनी बाव तेथे आजही आहे. १८१८ च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथरने लोहगड-विसापूर घेतले आणि पुढे गडावरचा राबता संपला. पाणी उपसणारी, गाळ काढणारी माणसे उरली नाहीत. बांधकाम टिकले, पण त्याची काळजी वाहणारी व्यवस्था गेली. पाण्याच्या बाबतीत हा अर्धा मृत्यूच होय.

गावाने तलाव सांभाळावा कसा, याचा सर्वांत मोठा पाठ महाराष्ट्रात सापडतो तो पूर्वेला, भंडारा-गोंदियाच्या मुलखात. तेथे कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. पाळ कोणी दुरुस्त करावयाची, पाणी कोणाच्या शेताला आधी द्यावयाचे, याचे नियम ठरलेले असत, आणि इंग्रजी अमदानीत गावचे हक्क 'वाजिब-उल-अर्ज' व 'निस्तार पत्रक' या कागदांत नोंदले गेले. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली. जुलमी मक्ता गेला, हे योग्यच झाले. परंतु तलाव सरकारच्या ताब्यात गेले आणि त्यांच्याबरोबर गावाची जबाबदारीही सुटली. पुष्कळ तलावांत गाळ साचत गेला. खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धत होती. तेथे शेतकरीच पाटकरी नि जागल्या नेमीत आणि त्यांचा मोबदलाही स्वतःच देत. जो पाणी घेतो तोच पाणी राखतो, हे त्या पद्धतीचे साधे सूत्र.

मात्र जुन्या गावगाड्याचे गोडवे गाताना एक प्रश्न टाळता येणार नाही. 'गावाचे पाणी' असे म्हणताना गावात कोणाची गणना होत होती? १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलाने बोले यांचा ठराव संमत केला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केले. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह त्या तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले, आणि न्यायालयाचा अंतिम निर्णय यावयास १९३७ साल उजाडले. ज्या तळ्याचा गाळ काढावयास सर्वांचे हात चालतात, पण पाणी भरावयास चालत नाहीत, ते तळे गावाचे नव्हे.

आता पुन्हा मावळात येऊ. १८६३ मध्ये बोरघाटाची रेल्वे पुरी झाली. पुढे टाटांच्या कंपनीने लोणावळा, वळवण व शिरवटा येथे धरणे बांधून घाटाखाली खोपोलीस वीज निर्माण केली. १९१५ पासून ती मुंबईस मिळू लागली. इंद्रायणीच्या उगमाकडचे पाणी असे पश्चिमेस वळले. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे जमिनीसाठी सत्याग्रहास उभे राहिले. १९७२ मध्ये पवना धरण झाले. आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी त्याच धरणातून बंद नळाने शहराकडे पाणी नेण्याच्या योजनेविरुद्धच्या आंदोलनात बऊरजवळ गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्यू पावले. मुंबईचे दिवे लागले, पिंपरी-चिंचवडचे नळ वाहिले. ती गरज खोटी नव्हती. पण ज्याच्या डोंगरावर पाऊस पडतो त्याला त्या पाण्याविषयी बोलावयाचा अधिकार किती, हा प्रश्न शंभर वर्षे तसाच राहिला.

मोठ्या धरणांचा निकाल गावाच्या हाती नसेल. लहान तळ्याचा आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने लघुपाटबंधारे व पाणलोट विकास हे विषय पंचायतींकडे सोपविण्याजोगे ठरविले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी व तळी बळकावणाऱ्यांना हटविण्याचा आदेश दिला. कायदा आहे, त्याला गावाचे बळ हवे. तळ्याची हद्द मोजून ग्रामसभेच्या दप्तरी लिहावी, उन्हाळ्यात गाळ काढून शेतात पसरावा, वरच्या डोंगरावरील झाड तुटू देऊ नये, सांडव्याच्या वाटेत भिंत उभी राहू देऊ नये. ही कामे विण्हुदत्ताच्या दानापेक्षा लहान नाहीत. फक्त त्यांचा शिलालेख कोणी कोरीत नाही.

आणि आपण शहरवासी? पावसाळ्यात आपण मावळात जातो, काहीजण तेथे बंगले बांधतात. पाहुण्याने यजमानाच्या घरी कसे वागावे, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. आपला कचरा आपण परत आणावा, तळ्याच्या काठी कुंपण घालू नये, आणि गावाने पाणी राखण्यासाठी वर्गणी मागितली तर ती दान म्हणून नव्हे, देणे म्हणून द्यावी.