पनवेलचीं चाकें आणि वंगणाची वाट

ज्या घरीं जुनी मोटारगाडी विकत घेतली जाते, त्या घरीं पहिले कांहीं महिने गाडीपेक्षां गाडीखालची जमीनच अधिक बारकाईनें पाहिली जाते, असा आमचा अनुभव आहे. दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत आम्हीं पनवेल येथें आमच्या परिचयांतील एका वृद्ध शिक्षकांकडून त्यांची दहा वर्षें वापरलेली गाडी घेतली. इंजिन पुढें, आणि त्याची शक्ति लांब दांड्यानें मागील चाकांस पोंचविलेली, अशी ती जुन्या धर्तीची गाडी होती. भाद्रपदांत एके सकाळीं अंगणांतल्या फरशीवर, मागील दोन चाकांच्या मधोमध, रुपयाएवढा काळसर डाग दिसला. गॅरेजांत सांगण्यांत आलें कीं, मागील डिफरन्शिअलचें ऑइल सील गेलें आहे. तें बदललें. पुण्याची एक फेरी झाली आणि डाग पुन्हा आला. सील दुसऱ्यांदां बदललें. डाग तिसऱ्यांदां आला. तेव्हां 'आंतलें सर्वच उघडावें लागेल' असा सल्ला मिळाला, आणि खर्चाचा जो अंदाज ऐकविण्यांत आला तो आमच्या घरच्या शिलकेस पेलणारा नव्हता.

अशा वेळीं मनुष्याची बुद्धि यंत्राकडून माणसाकडे वळते. हा दोष गुरुजींस ठाऊक होता व तो त्यांनीं लपविला, असें आम्हीं ठरविलें. एवढेंच नव्हे, तर त्यांच्या दारांत उभे राहून तसें बोलूनही दाखविलें. गुरुजी इतकेंच म्हणाले, "माझ्याकडे होती तोंवर अंगणांत थेंब पडला नाहीं. आपणांस खरें वाटो न वाटो." आम्हांस तें खरें वाटलें नाहीं. ह्या प्रसंगाचा शेवट पुढें सांगूं. परंतु तो नीट समजण्यास वंगणाचा थोडा इतिहास पाहणें अवश्य आहे, आणि त्या इतिहासाचा आरंभ पनवेलींतच करतां येतो.

पनवेल आज महामार्गांचें शहर म्हणून ओळखलें जातें. २०१६ सालीं तेथें महानगरपालिका झाली. परंतु त्यापूर्वीं कित्येक पिढ्या तें बंदर होतें. मुंबईहून पुण्यास जाणारा उतारू जलमार्गानें पनवेलच्या खाडींत येई आणि तेथून पुढें बोरघाटाची वाट धरी. घाटांतून चाकांचीं वाहनें जातील असा रस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं खुला केला, आणि पनवेलच्या पेठेचें भाग्य बैलगाडीशीं जोडलें गेलें. १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढूं लागली, तरी बैलगाडीचा संबंध एकाएकीं सुटला नाहीं. इंग्रजी अमदानींतल्या गॅझेटिअरांत पनवेलच्या उद्योगांमध्यें गाडीचीं चाकें तयार करण्याचा धंदा आवर्जून नोंदलेला आहे.

त्या चाकांचें तेलाशीं नातें कसें होतें? चाकाच्या मध्यभागींचा तुंबा आसावर फिरे; दोहोंच्या मध्यें एरंडेल किंवा तसलेंच दाट वंगण घालीत. वंगणाचें नळकांडें गाडीखालींच टांगलेलें असे. घातलेलें वंगण फिरतां फिरतां बाहेर येई, धूळ घेऊन आसाच्या टोकाशीं काळें होऊन साचे, आणि कांहीं कोसांनीं गाडीवान पुन्हा नवें घाली. तेल गळणें हा ह्या व्यवस्थेंतला दोष नव्हता. तीच व्यवस्था होती. आसाचें टोक कोरडें दिसलें तरच गाडीवानास काळजी वाटे. आपण मात्र गाडीचें पोट ओलें दिसलें कीं घाबरतों. ह्या दोन काळज्यांच्या मधलें अंतर सुमारें शंभर वर्षांचें आहे.

मोटारगाडीनें वंगणास पेटींत कोंडलें. १८९१ सालीं फ्रान्समध्यें पानार व लव्हासॉर यांच्या कारखान्यानें इंजिन पुढें, त्यामागें क्लच, त्यामागें गिअर आणि शेवटीं मागील चाकें अशी रचना रूढ केली. चाकांस शक्ति साखळीनें पोंचे. १८९८ सालीं लुई रेनो यानें साखळी काढून तिच्या जागीं फिरता दांडा घातला. दोन चाकांस वळणावर निरनिराळ्या गतीनें फिरूं देणारी डिफरन्शिअलची युक्ति त्याहूनही जुनी, १८२८ सालच्या पेकर याच्या पेटंटांतली आहे. ह्या सर्व दातेरी चाकांस तेलांत बुडवून ठेवावयाचें तर त्यांभोवतीं बंद पेटी हवी. आणि फिरता दांडा पेटींतून बाहेर यावयाचा तर पेटीस भोंक हवें. गळतीचा सगळा आधुनिक इतिहास ह्या एका भोंकांत सांठविलेला आहे.

आरंभीं त्या भोंकाशीं नमद्याची किंवा चामड्याची कडी बसवीत. ती झिजे, वाळे, आणि तेल सोडी. साधें रबर उपयोगाचें नव्हतें, कारण खनिज तेलांत तें फुगून मऊ पडतें. जर्मनींतील वाइनहाइम येथील फ्रॉइडेनबेर्ग ही मुळांत चामडें कमावणारी पेढी. तिनें १९२९ पासून मोटारींसाठीं चामड्याचीं सीलें करण्यास आरंभ केला. तेथील वाल्थर सिमर यानें धातूच्या कवचांत बसविलेली, दांड्यास ओठाप्रमाणें चिकटून राहणारी कडी तयार केली, आणि १९३६ पासून ती कडी तेलास दाद न देणाऱ्या कृत्रिम रबराची होऊं लागली. आजच्या प्रत्येक गाडींतील ऑइल सील हें त्याच कडीचें वंशज होय. गाडीखालची जमीन कोरडी असावी ही अपेक्षा ह्या शोधानंतरची आहे. आपल्या आजोबांच्या पिढीस ती नव्हती.

तेलही बदललें. १९२६ च्या सुमारास अमेरिकेंत पॅकार्डच्या गाड्यांत मागील आसासाठीं 'हायपॉइड' जातीचीं दातेरी चाकें आलीं. ह्यांत दांते एकमेकांवर दाबून घसरतात, म्हणून त्यांच्या तेलांत गंधकयुक्त द्रव्यें मिसळावीं लागलीं. गिअर ऑइलास जो उग्र वास येतो तो त्यामुळेंच. आपोआप बदलणाऱ्या गिअरांच्या तेलास लाल रंग देण्याची चाल पडली, ती तें इतर तेलांपासून ओळखतां यावें म्हणून. रंग, वास आणि दाटपणा हीं तेलाचीं ओळखपत्रें झालीं.

आपल्याकडे १९४७ सालीं मुंबईंत महिंद्र यांनीं जीप जुळविण्यास प्रारंभ केला व त्याच वर्षीं कुर्ल्यास प्रीमिअरच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. ह्या सर्व लांब दांड्याच्या गाड्या. त्यांच्या पोटाखालीं तेल बाहेर येण्याच्या मुख्य जागा तीन: इंजिनाचा पाठचा भाग, गिअर पेटीचें शेपूट, आणि डिफरन्शिअलचें तोंड. डिसेंबर १९८३ मध्यें मारुति ८०० आली. तिच्यांत गिअर पेटी व डिफरन्शिअल पुढेंच एकत्र असल्यानें लांब दांडाही गेला आणि गळतीचा भूगोलही बदलला. जुनी गाडी घेणारानें म्हणूनच आधीं विचारावें कीं, हिची शक्ति कोणत्या चाकांस जाते. मग डाग कोठें पडला तें पाहावें.

परंतु डागावरून मूळ शोधणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. तेल खालीं वाहतें, चालत्या गाडींत वाऱ्यानें मागें जातें, आणि फिरत्या दांड्यावर आलें तर चोहों बाजूंस उडतें. म्हणून डाग जेथें पडतो त्याच्या बरोबर वर दोष असेलच असें नाहीं. क्लचच्या घुमटाखालून पडणारा थेंब इंजिनाचा असूं शकेल किंवा गिअर पेटीचाही. दोघांस वाट एकच. तेथें वास व दाटपणा साक्ष देतात. जाणता मिस्त्री प्रथम सर्व पोट धुऊन कोरडें करतो, त्यावर पांढरी पूड उडवितो, गाडी थोडी फिरवून आणतो, आणि सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा शोधतो. इतिहासकारही याहून निराळें काय करतो? मागाहून चढलेले थर धुऊन काढावयाचे, साक्षी ताडून पाहावयाचे, आणि प्रवाहाच्या उलट दिशेनें उगमाकडे जावयाचें.

आमच्या गाडीच्या बाबतींत उगमाकडे कोणीच गेलें नव्हतें. तेल सीलांतून येत होतें हें खरें. पण तें तेथून कां येत होतें हा प्रश्न विचारला गेला नाहीं. शेवटीं जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावरील एका वयस्क मिस्त्रींकडे आम्ही गेलों. त्यांनीं पेटी उघडण्याचें नांवही काढलें नाहीं. "साहेब, गाडी तापवून आणा," एवढेंच सांगितलें. फेरी मारून आल्यावर त्यांनीं तेल भरण्याचा बोल्ट हळूच सैल केला, तों आंतून फुस्स करून वारा बाहेर पडला. मिस्त्री हंसले. "सील मेलं नाहीं हो. हिचा श्वास कोंडलाय."

मागील आसाच्या पेटीवर एक लहानशी नळी असते, तिला 'ब्रीदर' म्हणतात. गाडी घाट चढूं लागली कीं दांते तापतात, तेल तापतें, आणि पेटींतली हवाही तापते. हवेचें उष्णमान तीस अंशांवरून नव्वदावर गेलें आणि तिला बाहेर पडण्यास वाट नसली, तर तिचा दाब सुमारें एक-पंचमांशानें वाढतो. ब्रीदर मोकळा असेल तर ती सुखानें बाहेर जाते. तो बुजला असेल तर ती सीलाच्या ओठाखालून तेलास बाहेर ढकलते. नवें सील घातलें तरी दाब तोच, म्हणून गळतीही तीच. आमचा ब्रीदर लाल चिखलानें गच्च भरलेला निघाला. तो साफ झाला, तेल भोंकाच्या कांठापर्यंत आहे हें पाहिलें, तें पाण्यानें दुधाळ झालेलें नाहीं याची खात्री केली, काम आटोपलें. आधींच्या दोन सीलांच्या मानानें ह्या कामाची मजुरी अगदींच किरकोळ होती.

आतां तो चिखल कोठून आला? श्रावणांत आम्हींच, घरच्या मंडळींचा विरोध असतां, ओढ्याच्या पुरांतून गाडी घातली होती. पाणी आसाच्या वर आलें होतें, आणि त्या पराक्रमाची हकीकत आम्ही चार ठिकाणीं अभिमानानें सांगितलीही होती. गुरुजींच्या दहा वर्षांत त्या गाडीनें असा ओढा पाहिला नव्हता. डाग त्यांच्या नांवावर आम्हीं पाडला. चिखल आमचा होता.

दुसरे दिवशीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों. जें बोलावयाचें तें उंबऱ्यांतच बोललों, कारण आरोपही तेथेंच केला होता. गुरुजींनीं आंत बोलावलें, चहा झाला, आणि त्यांनीं ब्रीदर कोठें असतो तें कागदावर काढून दाखविण्यास सांगितलें. दहा वर्षें गाडी वापरून ही नळी त्यांच्या पाहण्यांत आली नव्हती. पूर्वींचा मोकळेपणा पुरता परत आला असें म्हणवत नाहीं. तशी अपेक्षा करण्याचा हक्कही आम्हांस उरलेला नाहीं.

असो. २००२ सालीं पुरा झालेला द्रुतगतिमार्ग पनवेलजवळ कळंबोलीहून निघतो आणि हजारों गाड्या क्षणभरही न थांबतां घाटाकडे धांवतात. त्यांतल्या कित्येक आमच्याप्रमाणें दुसऱ्याच्या हातून आलेल्या असतील. त्यांच्या धन्यांस सांगावयाचें तें इतकेंच: गळती दिसली तर आधीं तेलाची पातळी पाहावी, मग ब्रीदर, मग सैल बोल्ट, मग सील, आणि पेटी उघडण्याचा विचार त्यानंतर करावा. विकणाऱ्या माणसास दोष द्यावयाचाच असेल, तर तो ह्या सर्वांच्या शेवटीं.