हार्वर्डचे यजमान : जोसेफ हडनट

वॉल्टर ग्रोपियस हें नांव आतां आपल्याकडील सुशिक्षित घरांत अगदींच अपरिचित राहिलेलें नाहीं. जर्मनींत ‘बाउहाउस’ ही कलाशाळा त्यांनीं १९१९ सालीं स्थापन केली व पुढें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत नव्या वास्तुकलेचे आचार्य म्हणून ते विख्यात झाले. परंतु त्यांना हार्वर्डला बोलावून आणलें कोणीं, आणि ज्या शाळेंत ते शिकवीत ती शाळा मुळांत घडविली कोणीं, असा प्रश्न केल्यास भल्याभल्यांस क्षणभर थांबावें लागेल. ह्या दोन्ही गोष्टी जोसेफ हडनट ह्या गृहस्थांनीं केल्या.

हडनट ह्यांचा जन्म १८८६ सालीं मिशिगन प्रांतांत झाला. तरुणपणीं त्यांनीं स्वतः जुन्या शैलींत इमारती बांधल्या. म्हणजे ज्या पद्धतीविरुद्ध ते पुढें उभे राहिले, ती त्यांनीं आंतून पाहिली होती. त्या काळीं अमेरिकेंतील वास्तुशिक्षण पॅरिसच्या प्रसिद्ध कलाशाळेच्या पावलावर पाऊल ठेवून चाले. विद्यार्थ्यास राजवाडा, स्मारक किंवा असाच एखादा भव्य विषय द्यावयाचा. त्यानें ग्रीक-रोमन स्तंभांचे प्लास्टरचे नमुने समोर ठेवून सुंदर रंगीत चित्रें काढावयाचीं. मजुराच्या खोलींत उजेड कोठून येईल, स्वयंपाकघरांतला धूर कोठें जाईल, असल्या क्षुद्र शंका त्या चित्रांस सहसा स्पर्श करीत नसत!

कोलंबिया विद्यापीठांत काम केल्यावर १९३५ सालीं हडनट हार्वर्डला आले आणि १९३६ सालीं त्यांनीं आपलें मुख्य कार्य केलें. वास्तुकला, उद्यानरचना आणि नगररचना अशा तीन निरनिराळ्या शाळा तेथें होत्या. त्या त्यांनीं एका छत्राखालीं आणल्या व त्या संस्थेस ‘ग्रॅज्युएट स्कूल ऑफ डिझाइन’ असें नांव दिलें. घर, त्याभोंवतालची बाग आणि तें ज्या नगरांत उभें आहे तें नगर हा एकच विचार आहे, हें त्या नांवांतून त्यांस सांगावयाचें होतें. शाळेच्या दालनांतील प्लास्टरचे नमुने हलविण्यांत आले. कांहीं वर्षांनीं इतिहासाचा सक्तीचा अभ्यासहि गेला. ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिचा संबंध पुढें येणार आहे.

आतां शाळेस आचार्य हवा होता. १९३६ सालीं हडनट युरोपांत गेले. बर्लिनमध्यें त्यांनीं मीस व्हान डेर रोहे ह्यांची भेट घेतली. मीस येण्यास राजी होते; परंतु आपल्या नांवाबरोबर विद्यापीठापुढें आणखी एका उमेदवाराचें नांव जाणार आहे हें कळतांच त्यांनीं स्पष्ट नकार दिला. दुसरें नांव ग्रोपियस ह्यांचें. ते १९३४ पासून लंडनमध्यें होते. त्यांनीं ही अट मानली आणि १९३७ सालीं ते हार्वर्डला आले. मीस पुढच्याच वर्षीं शिकागोस गेले. मानापमानाच्या एवढ्याशा गोष्टीवर दोन शहरांतील वास्तुशिक्षणाचें भवितव्य ठरलें, असें म्हटल्यास ती फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आरंभींचीं वर्षें सहकार्याचीं होतीं. पुढें मात्र दोघांच्या वाटा निराळ्या होऊं लागल्या, आणि तंटा पडला तो इतिहासावरून. नवशिक्या विद्यार्थ्यापुढें पूर्वजांच्या थोर कृति आरंभींच मांडल्या तर त्याचा हात बिचकतो. म्हणून त्यानें प्रथम आकार, रंग व पदार्थ स्वतःच्या हातांनीं हाताळावे, इतिहास मागाहून यावा, असें ग्रोपियस ह्यांचें मत होतें. हडनट ह्यांस हें पटेना. घर म्हणजे केवळ कारखान्यांतून निघालेलें यंत्र नव्हे, त्यांत राहणाऱ्याच्या भावनेसहि जागा पाहिजे, असें त्यांनीं १९४५ सालच्या एका निबंधांत आवर्जून मांडलें. ‘पोस्ट-मॉडर्न’ हा शब्द त्या निबंधाच्या मथळ्यांतच आहे; तो सर्वतोमुखीं होण्यास अजून कित्येक वर्षें अवकाश होता.

ग्रोपियस ह्यांस हवा होता तो प्राथमिक अभ्यासक्रम १९५० सालीं सुरू झाला खरा. परंतु त्यासाठीं मिळालेला पैसा संपल्यावर तो पुढें चालविण्यास हडनट राजी झाले नाहींत. १९५२ सालीं ग्रोपियस ह्यांनीं शाळा सोडली. पुढच्याच वर्षीं हडनटहि निवृत्त झाले. पाहुण्याची कीर्ति दिगंत झाली आणि यजमानाचें नांव ग्रंथांच्या तळटीपांत गेलें. हा अन्याय आहे, परंतु निखळ अन्याय म्हणवत नाहीं. इतिहासास दाराबाहेर काढण्याच्या कामीं हडनट ह्यांचाच हात प्रथम लागला होता. मग तोच इतिहास खिडकींतून परत यावा म्हणून त्यांनीं केलेली धडपड उशिराची होती. तरीहि तीन शाळा एकत्र करण्याची त्यांची कल्पना ग्रोपियस ह्यांच्या कोणत्याहि अभ्यासक्रमापेक्षां अधिक टिकाऊ ठरली, असें मला वाटतें. त्यांनीं दिलेलें नांव ती शाळा आजहि चालवीत आहे.

ह्या कथेचा एक धागा आपल्या कोंकणांत येऊन पोहोंचतो. आचरें गांवीं १९१६ सालीं जन्मलेले अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकले आणि १९४५ सालीं सरकारी शिष्यवृत्तीवर हार्वर्डला गेले. म्हणजे हा मतभेद मुरत असतांनाच ते तेथें होते. १९४७ सालीं ते परतले तेव्हां नव्या देशास राजवाडे नकोत, प्रयोगशाळा हव्या होत्या. गरजांची यादी करावी, ऊन व वारा ह्यांचा हिशेब मांडावा आणि त्यांतून इमारतीचा आकार शोधावा, ही ग्रोपियस ह्यांची रीत येथें कामास आली. अहमदाबादेंतील कापडगिरण्यांच्या संशोधनसंस्थेची इमारत आणि पुढें कानपूरची तंत्रविद्यासंस्था हीं त्याच रीतीचीं फळें होत.

कानविंदे २००२ सालीं वारले. त्यांच्या अखेरच्या मोठ्या कामांपैकीं एक म्हणजे दिल्लींतील इस्कॉनचें राधाकृष्ण मंदिर. तें १९९८ सालीं उघडलें. हार्वर्डला इतिहास सक्तीनें न शिकलेल्या ह्या वास्तुशास्त्रज्ञानें त्या मंदिरास उंच शिखरें दिलीं आहेत.